घरात दिवसभर कोण राहणार आहे?

*ताई, सप्रेम नमस्कार. मी परभणीत स्टाफ नर्स आहे, वय ३४. ह्यांची बदली मुंबईला बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसात झाली आहे आणि मलाही परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळाली आहे. जूनच्या आत जायचं आहे. मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत जाईल. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे, त्याही आमच्यासोबत येणार. भाडं ३५ हजारांपर्यंत आणि डिपॉझिट दीड लाखापर्यंत देऊ शकतो. जागा कुठे घ्यावी यावर घरात रोज चर्चा चालते. नणंद डोंबिवलीला असते, ती म्हणते आमच्याजवळ या. ह्यांचे मित्र खारघर सुचवतात. एका एजंटाने घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावरचा टू बीएचके दाखवलाय, फोटो फार छान आहेत. हे म्हणतात, "माझ्या ऑफिसला सोयीचं बघू. आई काय, घरातच असते, तिला कुठेही चालेल." मला मुंबईतलं काही कळत नाही. कोणता भाग निवडावा? आणि एक लहानशी गोष्ट. सासूबाई त्यांची तुळस सोबत आणायची म्हणतात. फ्लॅटमध्ये जगेल का ती?*

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. "आई काय, घरातच असते, तिला कुठेही चालेल." तुमच्या यजमानांनी ते वाईट मनाने म्हटलेलं नाही, हे मला कळतं. पण जागा शोधताना माणसं जिथे चुकतात ती जागा हीच आहे. तुमचे यजमान सकाळी नऊला बाहेर पडतील आणि रात्री आठला परततील. त्यांच्यासाठी ती वस्ती म्हणजे झोपायची जागा आणि स्टेशनपर्यंतचा रस्ता. त्या वस्तीत खरोखर राहणार आहेत त्या सासूबाई, आणि शाळेतून आल्यावर तुमचा मुलगा. भाजीवाल्याशी बोलणं, दुपारी दार वाजलं की उघडणं, लाइट गेले की शेजारी विचारणं, हे सगळं त्यांना करायचं आहे. म्हणून वस्ती निवडायची ती घरात राहणाऱ्या माणसाकडे बघून.

अंतराचा हिशोब मात्र वेगळ्या माणसाचा करायचा. ज्याच्या कामाची वेळ जराही हलत नाही, त्याचा. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात. ऑफिसात अर्धा तास उशीर झाला तर साहेब रागावतील, पण वॉर्डात तुम्ही पोचेपर्यंत रात्रपाळीच्या मैत्रिणीला घरी जाता येत नाही. सकाळची पाळी, दुपारची पाळी, महिन्यातल्या सहा-सात रात्री, रविवारची ड्युटी. मुंबईत हे सगळं ट्रेनच्या वेळापत्रकाशी बांधलेलं असतं. तुमच्या पत्रात ह्यांचं ऑफिस, नणंदेचं मत, मित्राचं मत, एजंटाचे फोटो असं सगळं आलं. तुमच्या पाळ्यांबद्दल एक ओळही नाही. ती ओळ मी आधी लिहिते.

समजा सकाळची पाळी साडेसातला लागते. डोंबिवलीहून दादरपर्यंत फास्ट लोकलने गाडीतला वेळच तासाच्या आसपास धरावा. त्यात घरापासून स्टेशन, पुलावरची गर्दी, दादरहून परळ. म्हणजे साडेपाचला घराबाहेर. डबे त्याआधी. दुपारच्या पाळीहून साडेनऊला सुटलात तर घरी पोचायला साडेअकरा. डोंबिवली मला मनापासून आवडते. तिथली वाचनालयं, शाळा, गणपतीच्या देवळासमोरची पाडव्याची स्वागतयात्रा, हे सगळं तुमच्या सासूबाईंना आवडेल असं आहे, आणि नणंद जवळ असणं ही लहान गोष्ट नव्हे. पण तो प्रवास तुम्हाला रोज करायचा आहे, नणंदेला नाही. जून २०२५ मध्ये दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान भरलेल्या लोकलच्या दारातून पडून माणसं दगावली. ती सकाळची ऑफिसची वेळ होती. पायदानावर उभी राहणारी ती माणसं बेफिकीर नव्हती, त्यांना आत जागा नव्हती. दोन्ही नोकऱ्या कुर्ल्याच्या अलीकडे असताना, लहान मूल घरी ठेवून तुम्ही तो रस्ता धरू नये असं मला वाटतं.

खारघर मोकळं आहे, हवा चांगली आहे. पण ते हार्बर मार्गावर आहे. परळला जायचं तर कुर्ल्याला उतरून गाडी बदलायची, म्हणजे रोज दोन गर्द्या. घोडबंदरचं तर माझ्या मते नावच काढून टाका. तिथे रेल्वे नाही. बावीस मजले उतरून आधी रिक्षा किंवा बसने ठाणे स्टेशन गाठायचं आणि मग लोकल, आणि त्या रस्त्याची कोंडी ठाणेकरांना विचारा. वडाळ्याहून निघणारी मेट्रो ४ पूर्ण सुरू होईल तेव्हा तिथल्या लोकांचे दिवस बदलतील. पण तुमचा मुलगा या जूनमध्ये पहिलीत जातोय. आणि बाविसाव्या मजल्यावर, बंद दारांच्या लांब पॅसेजमध्ये, परभणीच्या वाड्यातून किंवा गल्लीतून आलेली ६८ वर्षांची बाई दिवसभर काय करेल, याचं चित्र त्या फोटोंत नसतं.

मग कुठे? तुमच्यासाठी मी नकाशावर एक रेघ ओढते : मध्य रेल्वेवर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, आणि शक्यतो स्टेशनच्या पूर्वेला. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. यातल्या कुठूनही तुम्हाला धीमी लोकल थेट परळला सोडते. यजमानांनी कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बीकेसीची बस किंवा शेअर रिक्षा घ्यायची. त्या रांगेची त्यांना सवय करावी लागेल. तुम्हाला एक सोय आणखी आहे. २०१९ मध्ये परळ टर्मिनस झालं, त्यामुळे काही लोकल परळहूनच सुटतात. पाय दुखत असताना सुटणाऱ्या गाडीत खिडकीशी बसायला मिळणं म्हणजे काय, हे आठ तास वॉर्डात उभी राहिलेली बाईच जाणते.

कुर्ला पूर्वेचं नेहरूनगर आधी बघा. म्हाडाची जुनी वसाहत आहे, मराठी वस्ती भरपूर, आणि परळ धीम्या गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. एसटीचं कुर्ला नेहरूनगर आगार तिथेच आहे, त्यामुळे गावाकडून कोणी आलं तर वस्तीतच उतरतं. उणी बाजू म्हणजे गर्दी आणि पावसाळा. कुर्ला-चुनाभट्टीचा पट्टा सखल आहे, मोठ्या पावसात आधी हार्बरचे रूळ पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठचं कुर्ला बुडालं, ते इथली माणसं अजून तारखेनिशी सांगतात. जागा बघताना इमारतीच्या वॉचमनला आणि समोरच्या वाण्याला विचारा, "पाणी कुठपर्यंत येतं?" येतं का, असं विचारू नका. "कुठपर्यंत" विचारलं की माणूस हात गुडघ्याशी किंवा कमरेशी नेऊन खरं दाखवतो.

विक्रोळी पूर्वेला कन्नमवारनगर आहे. सपाट रस्ते, झाडं, मैदानं, देवळं. माजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या नावाची ही वसाहत कामगारांची आणि नोकरदारांची. सासूबाईंना हरिपाठाला सोबत मिळेल अशी वस्ती आहे. स्टेशनपासून मात्र लांब, मधे द्रुतगती महामार्ग, त्यामुळे बस किंवा रिक्षा धरावी लागते. आणि एक गोष्ट एजंट सांगणार नाही : कांजूरमार्गची कचराभूमी. वारा फिरला की कन्नमवारनगर, कांजूर पूर्व, भांडुप पूर्व या भागांत वास येतो, आणि तो बहुधा रात्री किंवा पहाटे जाणवतो. दुपारी बाराला घर दाखवतात तेव्हा काहीच कळत नाही. रात्री दहानंतर पुन्हा एकदा जा आणि त्या गल्लीत दहा मिनिटं उभे राहा.

मुलुंड पूर्व या रेघेचं शेवटचं टोक. तिथे शाळा चांगल्या, रस्ते शांत, स्टेशन चालत गाठता येतं, फास्ट गाडी थांबते. तिथली कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. मुंबई महापालिकेची हद्द इथे संपते, म्हणजे पाणी महापालिकेचंच मिळतं. तुमच्या पैशांत बहुधा वन बीएचके बसेल. माझा स्वतःचा कौल इथे आहे. नेहरूनगरपेक्षा तुमचा प्रवास वीसेक मिनिटांनी वाढेल, पण सासूबाईंना संध्याकाळी गुडघे सांभाळत चालता येईल असा फुटपाथ आणि बसायला बाक मिळेल. पाहून झाल्यावर तुमचं मन नेहरूनगरकडे झुकलं तर मला वाईट वाटणार नाही. मुलुंडच्या पुढे मात्र जाऊ नका.

मी हे इतक्या आग्रहाने का लिहिते, तेही सांगते. १९९४ मध्ये आम्ही सातारा जिल्ह्यातून मुंबईत आलो. मुलगी दीड वर्षाची. एका रविवारी दुपारी घर पाहिलं. हवेशीर, दोन बाल्कन्या. दलाल म्हणाला, स्टेशनपासून सात मिनिटं. ती सात मिनिटं रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर रिक्षाने होती. सोमवारी संध्याकाळी त्याच रस्त्याला पस्तीस मिनिटं लागली, त्याआधी रिक्षाच्या रांगेत वीस. पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि पाचला जायचं. पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि मी रोज आठला पोचायची. त्या अकरा महिन्यांत पाळणाघराच्या बाई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन दारात बसलेल्या असायच्या, कुलूप हातात धरून. एकदाही त्या मला बोलल्या नाहीत. पण मुलीने मला बघून रडणं सोडून दिलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. त्यानंतर आम्ही लहान, अंधारं, पण स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर घेतलं. दोन्ही बाल्कन्या गेल्या, आणि मला रोजचे दोन तास मिळाले.

म्हणून रविवारी घर बघू नका, किंवा बघितलंत तर ठरवू नका. यजमान आधी रुजू होणार असतील तर महिनाभर त्यांना नणंदेकडे राहू द्या, तेवढ्यात तुम्ही चार दिवस रजा काढून या. मंगळवारी किंवा बुधवारी, ज्या वस्तीत घर बघताय तिथून, पाळीच्या वेळेला निघून परळच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत खरोखर जाऊन बघा. गेटपर्यंत, स्टेशनपर्यंत नव्हे. रात्री साडेनऊला तिथून परत या. उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का, दुकानं उघडी असतात का, शेअर रिक्षा मिळते का, हे त्या एका फेरीत कळेल. एक ध्यानात ठेवा, रिक्षा सायनच्या अलीकडे, म्हणजे परळ-दादरकडे चालत नाहीत, तिथे बस किंवा टॅक्सीच. आणि रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. बाकीच्यांना तो सुटीचा वैताग, तुम्हाला ड्युटीचा दिवस. त्या दिवशी बदललेलं वेळापत्रक आदल्या रात्री बघायची सवय लावून घ्या.

परळ भागातच एखादी खोली का नको, असं तुमच्या मनात येईल. चाळीतल्या खोल्या मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी संडास सामायिक आणि मजल्याच्या टोकाला. रात्री दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर जाणं सासूबाईंना सोसणार नाही. शिवाय त्यातल्या अनेक खोल्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या असतात आणि राहणारा माणूस मालक नसतो. मूळ मालकाच्या परवानगीशिवाय त्याने तुम्हाला ठेवलं तर उद्या तुमची बाजू लंगडी पडते. सायनचं प्रतीक्षानगर किंवा इतर म्हाडा वसाहती बघाल तिथे आणखी एक चौकशी करा. काही इमारती संक्रमण शिबिराच्या आहेत. तिथले गाळे मूळ रहिवाशांना तात्पुरते दिलेले असतात, ते भाड्याने देण्याचा अधिकार त्यांना नसतो. भाडं फार कमी सांगितलं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. आणि जुन्या वसाहतीत कुठेही, "सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे का?" हेही विचारा. मुलाची शाळा सुरू झाल्यावर मधेच घर खाली करायची वेळ येऊ नये.

या जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. सासूबाईंसाठी तळमजला सोयीचा, पण पावसात तोच धोक्याचा. लिफ्ट असलेली नवी इमारत मिळाली तर उत्तम, नाहीतर पहिला मजला, कठडा घट्ट आणि पायऱ्या बुटक्या आहेत का ते स्वतः चढून पाहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "नुसता नोटरी करू" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. शाळेला आणि गॅसला पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागेल. घरमालक प्रत्यक्ष भेटल्याशिवाय, आणि त्यांच्या नावाचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि वीजबिल पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. दलाल साधारणपणे एका महिन्याचं भाडं घेतो. करार पुन्हा वाढवताना तो परत मागेल का, हे आजच विचारून ठेवा.

एक नकोसा प्रश्नही आधीच विचारा. तुम्ही काय खाता याचा उल्लेख पत्रात नाही. मांस-मच्छी खात असाल तर पहिल्याच फोनवर सांगा. काही सोसायट्यांमध्ये ते "चालत नाही", आणि हे दलाल अगदी शेवटी, चार फेऱ्या झाल्यावर सांगतात. आपल्याच राज्यात हे ऐकून घ्यावं लागतं याची मला चीड येते, तुम्हालाही येईल. पण ज्या शेजाऱ्यांच्या भरवशावर तुम्ही म्हातारं माणूस आणि लहान मूल सोडून ड्युटीवर जाणार आहात, ते शेजारी तुमच्या जेवणाचा वास घेत बसणारे नकोत.

शाळा घरापासून चालत जाता येईल अशीच बघा. सासूबाई त्याला रोज सोडू शकणार नाहीत, पण एखाद्या दिवशी तुम्ही दोघंही अडकलात तर शाळेतून फोन आल्यावर त्या रिक्षाने पाच मिनिटांत पोचल्या पाहिजेत. परळ आणि बीकेसी दोन्ही पाण्याने तुटलेत आणि मूल शाळेत आहे, असा दिवस दर पावसाळ्यात एखादा येतोच. त्या दिवशी कामाला येईल असं एक शेजारचं घर जूनमध्येच जोडून ठेवा.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना घर दाखवायला आणा. घर ठरवल्यानंतर नव्हे, ठरवण्याआधी, दोन जागा उरल्या असतील तेव्हा. देवगिरी एक्स्प्रेसने आलात तर ठाण्यालाच उतरा, तिथून मुलुंड अगदी पुढचंच स्टेशन आहे. वस्तीत त्यांना तासभर बसवा, देवळात न्या, भाजी त्यांना घेऊ द्या. बघा भाजीवालीशी त्या आपणहून बोलतात का. आणि त्याही आधी, परभणीतच, एकदा त्यांना एकटीला विचारा की यायचं आहे का. तुम्ही लिहिलंत, "त्या आमच्यासोबत येणार." त्या काय म्हणाल्या, ते लिहिलं नाहीत. कदाचित त्यांना यायचंच असेल, नातवाशिवाय करमणार नाही. कदाचित दिवाळीपर्यंत गावी राहून मग यावं असं वाटत असेल. त्यांचं उत्तर वेगळं आलं तर मुलासाठी पाळणाघर शोधावं लागेल आणि वस्तीचा हिशोब थोडा बदलेल, मला पुन्हा लिहा.

राहता राहिली तुळस. नक्की आणा. मोठं वृंदावन नको, कुंडीतली आणा, गाडीत ती पायाशी राहते. मुंबईच्या दमट हवेत तुळस जगते, तिला फक्त चार-पाच तास थेट ऊन लागतं. त्यामुळे घर बघाल तेव्हा खिडकीला बाहेर काढलेली जाळी आहे का आणि तिच्यावर सकाळचं ऊन येतं का, ते बघून घ्या. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. मंजिऱ्या आल्या की त्या खुडून थोडं बी सासूबाईंच्या बटव्यात ठेवायला सांगा.